अंदाज आधी आईला सांगावा

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सकाळची मीटिंग चालली होती, कोणीतरी पडद्यावर पुढच्या कामाचं वेळापत्रक दाखवत होतं आणि मांडीवरचा फोन थरथरला. खडकीहून अशोकमामांचा, म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाचा फोन होता. मी उठून जिन्यात आले. ते म्हणाले, "सविता, ताई गेली." आणि माझ्या तोंडून शब्द निघाला तो असा, "कशावरून?"

ते बिचारे अगदी शांतपणे म्हणाले, "डॉक्टर आत्ताच बघून गेले गं." मी तिथेच पायरीवर बसले. मरणाची बातमी सांगणाऱ्याला कोणी 'कशावरून' असं विचारतं का? पण सुमनताईंच्या क्लासात जो कोणी शिकला, त्याच्या तोंडून त्या क्षणी दुसरं काही निघालं नसतं. तो प्रश्न त्यांनीच आमच्या जिभेवर बसवला होता. आज या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले, तरी त्या जिन्याने जाताना मला माझाच आवाज ऐकू येतो आणि कानशिलं तापतात.

मी मूळची मांजरीची. आमच्या घरासमोर ऊस होता तिथे आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. मराठी शाळेतून शिकून मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअर कंपनीत लागले. कोड लिहायची मला कधी भीती वाटली नाही. मेल लिहायची वाटायची. एकदा आमची यंत्रणा बंद पडली आणि परदेशातल्या ग्राहकाने विचारलं, 'केव्हा सुरू होईल? माझा अंदाज आहे की संध्याकाळपर्यंत व्हावी.' मला त्याचा मान राखायचा होता. साहेब, आपण केलेला अंदाजही आमच्याइतकाच योग्य आहे, असं काहीतरी नम्रपणे म्हणायचं होतं. मी कुठेतरी वाचलेलं वाक्य ठोकून दिलं, 'युअर गेस इज ॲज गुड ॲज माइन.' त्याचा खरा अर्थ 'मला काय माहीत? जेवढं तुम्हाला कळतं तेवढंच मला,' असा होतो, हे मला मॅनेजरने दार लावून घेऊन सांगितलं. पुढे कितीतरी दिवस प्रत्येक मेल मी दहादा वाचून मगच पाठवायचे. शेवटी कोणीतरी सुमनताईंचं नाव सुचवलं.

क्लास नारायण पेठेत होता. खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, वर ताईंची एक खोली, आणि जिन्यात त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी: 'येथे कामापुरते इंग्रजी लिहायला शिकवतात. फाडफाड बोलायचे असल्यास इतरत्र चौकशी करावी.' मी भीतभीतच आत गेले. बॉबकट केलेले पांढरे केस, सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा.

"काय येत नाही?" त्यांनी विचारलं.

"इंग्रजी."

"ते मलाही सगळं येत नाही. नेमकं काय येत नाही?"

मी माझ्या वाक्याची कहाणी सांगितली. त्या हसतील म्हणून मी आधीच मान खाली घातली होती. पण त्या हसल्या नाहीत. "वाक्य चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "त्याची वेळ आली नव्हती. बस."

सुमनताईंची सगळी नोकरी एका इंजिनिअरिंग सल्लागार कंपनीत गेली होती. इंजिनिअरांनी लिहिलेले अहवाल नीट इंग्रजीत आणायचं त्यांचं काम. पूल केव्हा होईल, पाणी किती साठेल, खर्च किती येईल... म्हणजे आयुष्यभर त्या दुसऱ्यांचे अंदाजच तपासत होत्या. माणूस सगळ्यात जास्त लपतो तो अंदाजाच्या वाक्यात, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे बाकीचं इंग्रजी त्या भरभर शिकवायच्या आणि अंदाजाच्या शब्दांवर आल्या की मुक्काम ठोकायच्या. 'एज्युकेटेड गेस' लिहायचं तर त्यामागे काही अभ्यास, काही अनुभव हवा. नुसतं तुम्ही पदवीधर आहात म्हणून तुमचा अंदाज एज्युकेटेड होत नाही. काहीच हाताशी नसेल तर तो 'वाइल्ड गेस', आणि तसं म्हणायला लाजू नये. 'रफ एस्टिमेट' म्हणजे पहिला, कच्चा. तो पुन्हा करावा लागणार हे लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने दोघांनी धरून चालायचं. 'बॉलपार्क फिगर' बोलण्यात ठीक, साधारण किती एवढंच सांगायला. पक्क्या करारात तो शब्द दिसला की त्या लाल रेघ मारायच्या. 'गेसटिमेट', म्हणजे गेस आणि एस्टिमेट यांची भेळ, हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. "चहाच्या टेबलावर ठेवा तो," म्हणायच्या. आणि कोणी 'अप्रॉक्झिमेटली' लिहून पुढे दशांश चिन्हासकट आकडा दिला, की चष्मा काढून विचारायच्या, "आपण अंदाज सांगताय की शपथ घेताय?"

एका बँकेतल्या गृहस्थांनी एकदा 'टू वीक्स, गिव्ह अँड टेक' असं लिहून आणलं. ताई म्हणाल्या, "अहो, देवाणघेवाण कसली करताय? 'गिव्ह ऑर टेक' म्हणा. आणि पुढे किती ते सांगा. दोन आठवडे, एखादा दिवस इकडेतिकडे. तो इकडेतिकडेचा दिवस सांगायला तुमची जीभ का अडखळते, ते घरी जाऊन विचार करा." गृहस्थ रागावले होते, पण पुढच्या वेळी आले, आणि मग येतच राहिले.

पण त्या क्लासाची खरी ओळख होती ती 'आईची खुर्ची'. बाइंडिंगवाल्याने टाकायला काढलेली एक वेताची खुर्ची ताईंनी वर आणून ठेवली होती. तिचा एक हात सुतळीने बांधलेला होता. ज्याला अंदाजाचं वाक्य इंग्रजीत लिहायचं असेल, त्याने ते आधी मराठीत, मोठ्याने, खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगायचं. खुर्चीत पाळीपाळीने कोणीही बसायचं. जो बसेल तो आई. मग तो मिशीवाला सेल्समन असला तरी आईच. आणि आईने दोनच प्रश्न विचारायचे. 'म्हणजे?' आणि 'कशावरून?' तिसरं काही बोलायचं नाही. ज्याचं वाक्य या दोन प्रश्नांनंतर शिल्लक राहील, त्याने ते इंग्रजीत लिहावं. "साहेबाला फसवता येतं, ग्राहकाला फसवता येतं," ताई म्हणायच्या, "आईला 'लवकरच' म्हणून बघा. ती जेवायला थांबते ना!"

मला हे इतकं पटलं की मी घरी माझ्या खऱ्या आईवरच सराव सुरू केला. आई भाजी निवडत बसलेली असायची. मी सांगायचे, आई, आमचं काम साधारण महिनाअखेरीस होईल. ती वर न बघता म्हणायची, "म्हंजी कवा?" मी म्हणायचे, म्हणजे शेवटच्या आठवड्यात. "आन् त्ये कुनी सांगितलं तुला?" ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "तुझ्या आईला आण इथे," म्हणाल्या, "मी निवृत्त होते."

हा 'कशावरून' त्यांच्यात आला कुठून, ते मला खूप उशिरा कळलं. क्लास संपल्यावर आम्ही दोघी बसस्टॉपपर्यंत चालत जायला लागलो होतो, मॅडमच्या ताई झाल्या होत्या. त्यांचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. घर तिथल्याच क्वार्टरमध्ये. पाळी संपून वडील यायची वेळ टळली की आई दारात उभी राहायची आणि मुलांना सांगायची, येतील इतक्यात. लहानग्या सुमनने एकदा विचारलं, "कशावरून?" आणि आईने फाडकन मुस्कटात ठेवून दिली. मग जवळ घेऊन स्वतःच रडली. वडील थोड्या वेळाने आले, हातात भजी होती. ताई म्हणाल्या, "तेव्हा मला कळलं, अंदाज काळजीतून येतो. ज्याला कोणाची काळजीच नाही तो कशाला अंदाज करेल? म्हणून तो नीट सांगावा गं." त्यांच्या आवाजात नेहमीचा तिरकसपणा नव्हता. मी स्वतः मुलखाची घाबरट. कोणाला घरी यायला उशीर झाला की अपघातापर्यंत पोचणारी. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण एकट्या नाही.

गेल्या वर्षी ताईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त, मग अल्सर, आणि मग तो शब्द. क्लास बंद करावा लागला. खोली रिकामी करताना ताई म्हणाल्या, बाकी काय हवं ते करा, खुर्ची घरी पाठवा. अशोकमामांनी आणि मी ती रिक्षात आडवी घालून खडकीला त्यांच्या घरी आणली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, भंगारात घेतली का?" मामा त्याच्यावर असे भडकले की मीच मध्ये पडले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून त्या मला आणि मामांना बाहेर न्यायला लागल्या, तर ताई म्हणाल्या, "अहो, पोट माझं आहे." मग बाई चाचरत म्हणाल्या, "मावशी, लेट्स से... टू टू थ्री मन्थ्स." मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताईंनी चष्मा वर ढकलला आणि विचारलं, "कशावरून?" बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्या खरंच स्टूल ओढून बसल्या आणि सांगू लागल्या, की या अवस्थेतले रुग्ण आम्ही पाहिलेत, त्यावरून. पण प्रत्येक शरीर वेगळं, याहून लवकर होऊ शकतं, उशिराही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "एज्युकेटेड गेस आहे. पोरगी चांगली आहे." आणि मग कारमध्ये बसल्यावर त्यांनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

ताईंना एकच मुलगी, मुक्ता. ती कॅनडात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते. तिचा मला फोन आला. "सविताताई, आई मला फोनवर 'बरी आहे' एवढंच म्हणते. मामा नुसता रडतो. मला खरं कोणीच सांगत नाही. आत्ता मला विमानात बसू देतील, पुढे नाही देणार. आत्ता आले तर बाळंतपणासाठी परत फिरावंच लागेल, आणि मी तिकडे गेल्यावर तिचं काही झालं तर? आणि थांबले तर मग येताच येणार नाही. तू मला किती वेळ आहे ते लिहून कळव. नवऱ्याला, इथल्या डॉक्टरांना दाखवता येईल असं, इंग्रजीत लिही. फोनवर नको, फोनवर मी ऐकूच शकणार नाही."

तो मेल लिहायला मला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. चुकलं तर? घाईने बोलावलं आणि ताई पुढे कितीतरी दिवस राहिल्या तर पोरीला शेवटी आई दिसायची नाही. थांब म्हटलं आणि ताई लवकर गेल्या, तरी तेच. ऑफिसात यंत्रणा उशिरा सुरू झाली तर ग्राहक फार तर ओरडतो. इथे एका वाक्यावर एका लेकीचं आणि आईचं भेटणं टांगलेलं होतं, आणि ते वाक्य माझ्या हातात! मी खडकीला ताईंजवळ बसून लॅपटॉपवर लिहीत होते, खोडत होते. ऑफिसचं काम आहे असं सांगितलं होतं.

"ऑफिसचं असलं की तुझ्या कपाळाला आठ्या असतात," ताई पलंगावरून म्हणाल्या. "आज ओठ चावते आहेस. मुक्ताला लिहितेस ना? वाच."

मी वाचलं. 'ॲज अ बॉलपार्क फिगर, डॉक्टर्स आर सेइंग टू टू थ्री मन्थ्स, गिव्ह ऑर टेक...'

"बॉलपार्क?" ताई म्हणाल्या. "मी काय सिमेंटची पोती आहे? आणि गिव्ह ऑर टेक किती? तूही अडखळलीस." मला रडू फुटलं. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला खुर्चीत बसव."

मी त्यांना धरून वेताच्या खुर्चीत आणलं, पाठीशी उशी दिली. वजन असं राहिलंच नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. "बस समोर. आता मी आई. सांग."

इतकी वर्षं त्या खुर्चीत कोण कोण बसलेलं मी पाहिलं, पण ताईंना पहिल्यांदाच. क्लासात त्या कधीच बसत नसत. मी म्हटलं, "आई... डॉक्टर म्हणतात, दोन ते तीन महिने."

"म्हणजे?"

"म्हणजे... पाऊस संपेपर्यंत."

"कशावरून?"

"त्यांनी असे पेशंट पाहिलेत, त्यावरून."

मला वाटलं सुटले. पण ताईंनी नियम मोडला. आईने तिसरं काही बोलायचं नसतं, त्या बोलल्या. "आणि तुला काय वाटतं?"

मी खाली बघत म्हणाले, "मला वाटतं, त्याहून कमी."

"कशावरून?"

"परवा मी तुम्हाला माझा ऑफिसचा मेल दाखवला," मी म्हणाले, "आणि तुम्ही 'छान आहे' म्हणालात. त्यात दोन चुका होत्या, ताई. मी मुद्दाम ठेवल्या होत्या."

ताई हळूच हसल्या. "दिसल्या होत्या गं," त्या म्हणाल्या. "कंटाळा आला सांगायचा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "हे लिही. हेच लिही. दोन चुका दिसल्या आणि आईने सोडून दिल्या. मुक्ताला एवढ्यावरून कळेल."

मग त्यांनी मला मेल नव्याने लिहायला लावला. "आधी सांग, मुक्ताने अंदाज कशाचा मागितलाय?" मी म्हटलं, तुम्ही किती दिवस... "तो प्रश्नच चुकलाय तिचा. मी केव्हा जाणार हे तिला कळून काय करायचंय? तिने केव्हा यावं, हे तिला हवंय. मग अंदाज मरणाचा कशाला करायचा? मी किती दिवस तिच्याशी भांडू शकेन, त्याचा कर." शेवटी जो मेल गेला तो अगदी साधा होता. डॉक्टर काय म्हणाले आणि कशावरून. मला काय वाटतं आणि कशावरून. दोन्ही अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतात. आणि आई भांडण्याच्या स्थितीत आहे तोवर, म्हणजे आत्ता, यावं. बॉलपार्क उडालं, गिव्ह ऑर टेक उडालं. खाली त्यांनी एकच वाक्य राहू दिलं, 'धिस इज अवर बेस्ट गेस.' म्हणाल्या, "बेस्ट गेस म्हणजे याहून जास्त आम्हाला कळत नाही, पण कळतं तेवढं सगळं यात घातलंय. 'अवर' लिही. तुझ्या एकटीच्या डोक्यावर कशाला?" बटण मात्र मीच दाबलं.

मुक्ता आली. मोठं पोट सांभाळत, सुजलेल्या पावलांनी. आणि मायलेकी खरोखर भांडल्या. आमटीतल्या मिठावरून भांडल्या, बाळाच्या नावावरून भांडल्या, मुक्ताने आईला न विचारता पडदे धुवायला काढले त्यावरून तर दिवसभर अबोला होता. मी शनिवार-रविवार जायचे तेव्हा जिन्यातूनच दोघींचे आवाज यायचे आणि मला इतकं बरं वाटायचं! जायच्या दिवशी मात्र कोणीच भांडलं नाही. मुक्ता आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती, आणि ताई तिच्या पोटावर हात ठेवून होत्या. विमानतळावर मीच पोचवायला गेले. आत जाताना मुक्ता म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून आले." चुकीचं सांगितलं असेल तर, हे तिने म्हटलं नाही. मला मात्र ऐकू आलं.

आणि तसंच झालं. पाऊस संपला, डॉक्टरांचा अंदाज उलटून गेला, माझा तर केव्हाच खोटा ठरला होता, आणि ताई होत्या. त्या आहेत याचा आनंद व्हायचा आणि लगेच मनात यायचं, मुक्ता आत्ता यायला हवी होती, मी तिला फार लवकर बोलावलं. आता तिला विमानात कोणी घेणार नव्हतं. एका दुपारी न राहवून मी ताईंना विचारलंच, "ताई, आता किती...?" आवाज फार बारीक झाला होता त्यांचा. मला कान जवळ न्यावा लागला. त्या म्हणाल्या, "युअर गेस इज ॲज गुड ॲज माइन." मग डोळे मिटून, ओठांच्या कोपऱ्यात हसत, "घे. आली बघ तुझ्या वाक्याची वेळ."

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत. झोपून असायच्या. मुक्ता रोज फोनच्या पडद्यावरून हाक मारायची, कधी पापणी हलायची, कधी नाही. भांडण तर सोडाच. त्या दिवसांत मला थोडं थोडं वाटू लागलं, की ताईंनी ज्याचा अंदाज करायला लावला होता, तो तर चुकला नव्हता... पण खरं सांगायचं तर हे मी स्वतःला समजावते. शेवटच्या सकाळी लेक जवळ नव्हती, ते नव्हतीच.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला खडकीच्या बुद्धविहारात क्लासातले पुष्कळ जण आले होते. वंदना झाली. बँकेतले ते गृहस्थ बोलायला उभे राहिले, 'मॅडमकडे मी साधारण...' एवढं म्हणाले आणि थांबले. सभागृहात हुंदके आणि हसू एकदमच फुटलं. मुक्ता फोनवरून सगळं बघत होती. मला तिच्याशी बोलायचा धीर नव्हता. मी मुद्दाम मागे उभी राहिले. कार्यक्रमानंतर मामांनी फोन माझ्या हातात दिला, तर ती एवढंच म्हणाली, "खुर्ची तू घेऊन जा."

आता खुर्ची आमच्याकडे मांजरीला आहे, बाल्कनीच्या दाराशी. आईने तिला नवी सुतळी बांधली. "येवड्या वर्सात हात नीट बसवला न्हाई कुनी," म्हणाली. त्या खुर्चीत बसून भाजी मात्र ती निवडत नाही. "तिची हाय ती," म्हणते. मीही बसत नव्हते. मोठा मेल पाठवायचा असला की समोर पाटावर बसून रिकाम्या खुर्चीला सांगते आणि दोन्ही प्रश्न मनातच ऐकते.

काल दुपारी मुक्ताचा फोन आला, कार्यक्रमानंतर पहिलाच. डॉक्टरांनी दिलेली बाळाची तारीख उलटून गेली आहे. ती तारीख म्हणजेही शेवटी अंदाजच, हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तरी दोघींना घाम फुटलेला. ती म्हणाली, "सविताताई, खुर्ची कुठाय? बस तिच्यात." मी म्हटलं, अगं मी कशी बसू? "बस ना. मला सांगायचंय." मी बसले. वेत करकरला. फोन समोर धरला. मुक्ताचा चेहरा सुजलेला होता, केस विस्कटलेले. तिने एक श्वास घेतला आणि क्लासातल्यासारखं सरळ बसून सांगितलं, "आई, डॉक्टर म्हणतात, बाळ ठीक आहे, आता कधीही येईल."

"म्हणजे?" मी विचारलं.

तिने विस्कटलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "म्हणजे मला भीती वाटतेय. आणि तू हवी होतीस."

दुसरा प्रश्न मी विचारला नाही.